हवेच्या मशीनला पाजलेलं तेल

कॉम्प्रेसर पहिल्यांदा घरी आणला तेव्हा माय अंगणात बसून लाखोरीची डाळ निवडत होती. मी ऑटोतून खोकं उतरवलं, पडवीत ठेवलं. तिने सुपातून मान वर न करता विचारलं, "काय आनलं?"

"मशीन. हवा भरायची."

"कायच्यात भरते?"

"वहिनीच्या रायफलीत."

तिने सूप खाली ठेवलं आणि अंगणभर नजर फिरवली. "हवा तं इथं पडलीच आहे बापू. ते डब्यात दाबून कायले पायजे?"

मी गोंदियाला कॉलेजात शिकतो, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे घरी आलो की प्रत्येक गोष्ट मला समजावून सांगता आली पाहिजे असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटतं. पण बोलायला लागलो की शब्द अडतात. त्या दिवशीही मी इतकंच म्हणालो की दाबलेली हवा जोरात बाहेर येते आणि छर्रा पुढे ढकलते. माय म्हणाली, "अस्सं," आणि पुन्हा डाळ निवडू लागली.

हा कॉम्प्रेसर माझा नव्हता. गोंदियात एका जुन्या गोदामात नेमबाजी शिकवणारे एक निवृत्त फौजी सर आहेत, त्यांचा होता. मी तिथे जायला लागलो तो वहिनीमुळे. वहिनी तिरोड्याकडची. लग्नाआधी बारावीपर्यंत शिकली, तेव्हा एनसीसीत होती आणि रायफल चांगली चालवायची. लग्न होऊन आमच्या आमगावजवळच्या गावात आल्यावर ते सगळं मागे पडलं. एकदा मी घरी जेवताना सहज सांगितलं की कॉलेजच्या रस्त्यावर नेमबाजीचं गोदाम आहे. वहिनी भाकर वाढता वाढता थांबली. "दहा मीटरचं?" तिने विचारलं. एवढंच. पण दादा माझ्याकडे बघून हसला, आणि पुढच्या आठवड्यापासून ती दर रविवारी माझ्याबरोबर गोदामात येऊ लागली.

मला नेम जमत नाही. छर्रा सुटायच्या आधीच मी डोळा मिटतो. सरांनी दोन-तीनदा बघितलं आणि मला अपमान वाटू न देता कोपऱ्यातल्या कॉम्प्रेसरजवळ नेलं. "देख बेटा, मशीन छोटी है, पर इसका गुस्सा बड़ा है. इसको सँभालनेवाला शांत आदमी चाहिए. तू शांत है." मी शांत नाही, मी बुजरा आहे. पण त्यांनी तसं म्हटलं ते मला आवडलं.

मशीन म्हणजे शिलाई मशीनच्या डोक्याएवढा एक लोखंडी ठोकळा. त्याला एक दाबाचा काटा, एक तेलाची काच, आणि एक बारीक काळी नळी. सायकलच्या ट्यूबमध्ये आपण जेवढा दाब भरतो त्याच्या कितीतरी पट दाब हे यंत्र रायफलीच्या छोट्या नळकांड्यात भरतं. एवढी हवा दाबली की ती तापते. म्हणून मशीनभोवती पाणी फिरवावं लागतं. एका बादलीत छोटा पंप सोडायचा, तो गार पाणी वर नेतो आणि कोमट पाणी परत बादलीत आणतो. बादलीचं पाणी तापलं की बदलायचं.

हवेत ओल असते, तीही दाबली जाते. म्हणून चालता चालता अधूनमधून खालचा एक स्क्रू किंचित सैल करायचा. मग फुस्स करून दुधासारखं पांढरट पाणी बाहेर उडतं. आमच्याकडे पावसाळ्याच्या शेवटाला बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतांत, पाणी उभं असतं. तेव्हा इतकं पाणी निघतं की सर म्हणायचे, "तुम्हारे यहाँ हवा कम है, तालाब ज़्यादा." स्क्रू वेळेवर सोडला नाही तर ती ओल रायफलीत जाते आणि आतून गंज धरतो.

आणि तेल. काचेवर एक लाल ठिपका आहे, तेल त्या ठिपक्यापर्यंत हवं. तेल त्याचंच, छोट्या बाटलीत येतं, आणि गोंदियात मिळत नाही. पहिल्या दिवशी सरांनी ती बाटली माझ्या हातात दिली आणि बजावलं की दुसरं कुठलंही तेल यात गेलं तर गरम दाबलेल्या हवेत ते आतच पेट घेऊ शकतं. एकदा वर्गात शिक्षकांनी शिकवलं की वायू दाबला की त्याचं तापमान वाढतं. मला हात वर करून सांगावंसं वाटलं की हो, माझं बोट भाजलंय त्याने. पण मी हात वर केला नाही. वहीच्या समासात फक्त एक छोटी बादली काढली.

त्या वर्षी दसऱ्यानंतरच्या रविवारी नागपूरला निवड चाचणी होती. त्यात नंबर लागला तर वहिनी राज्याच्या स्पर्धेला जाणार होती. सर म्हणाले होते की तयारी आहे, रोज हात चालू ठेवला पाहिजे. पण नवरात्रात गोदाम बंद राहणार होतं आणि सर स्वतः गावी जाणार होते. त्यांनी रायफल, निशाणाची लोखंडी पेटी आणि कॉम्प्रेसर माझ्या स्वाधीन केला. "स्टेशन पे मिलेंगे," म्हणाले, "हवा भर के लाना. वहाँ की मशीन का जोड़ अपने को लगेगा कि नहीं, भरोसा नहीं."

घरी एक अडचण होती आणि ती सगळ्यांना माहीत होती. माय अजून हो म्हणाली नव्हती. नाहीही म्हणाली नव्हती. बाबा गेल्यापासून घरातलं शेवटचं बोलणं तिचंच असतं. लवकर येणारा हलका धान कापणीला आला होता, उशिराचा भारी धान निसवत होता, आणि त्या दिवसांत घरातला प्रत्येक हात बांधीत लागतो. "कापनी सोडून सून नागपूरले छर्रे मारन?" एवढंच ती एकदा म्हणाली आणि विषय तिथेच राहिला. वहिनीने पुन्हा विचारलं नाही. ती पहाटे उठून सगळं काम आटपायची आणि दुपारी ढोल्याच्या खोलीत सराव करायची.

ढोला म्हणजे धान साठवायचा बांबूचा मोठा कणगा. कापणीच्या आधी तो रिकामा असतो. तो आम्ही भिंतीला सरकवला, मधलं दार उघडलं, आणि पलीकडच्या कोठ्यातून बैल बाहेर काढून बांधले. असे मिळून दहा मीटर झाले. कोठ्याच्या शेवटच्या भिंतीला पेटी लावली. वहिनी साडीचा पदर खोचून, वर सरांच्या गोदामातलं जाड जाकीट घालून उभी राहायची. ती श्वास सोडायची तेव्हा मीही सोडायचो. मग ठप्प असा एक छोटा आवाज यायचा, आणि बाहेर बैल कान हलवायचे.

शेजारच्या काकूंनी खिडकीतून बघितलं आणि मायला गाठलंच. "सुनेच्या हाती बंदूक देल्लीस वो बाई? आता भाजी अळणी झाली तरी बोलू नोको!"

माय म्हणाली, "भाजी तिची चांगलीच राह्यते. बंदुकीचं मले समजत नाही."

दादा आतून ओरडला, "काकू, मी तं रोज भाजीची तारीफ करून राहिलो! मले जगाचं आहे!"

वहिनी तोंडावर पदर धरून हसली. माय हसली नाही, पण ती दारात थोडा वेळ उभी राहिली आणि तिने पेटीतला कागद बघितला. मधल्या काळ्या गोलात भोकं एकमेकांना चिकटलेली होती. "हे सारे एकाच जागी काऊन मारते?" तिने मला विचारलं. मी म्हटलं, तेच तर करायचं असतं. "अस्सं," ती म्हणाली.

खांडेनवमीच्या दिवशी आमच्याकडे अवजारांची पूजा असते. नांगर, विळे, कुऱ्हाड, दादाची मोटरसायकल, सगळं अंगणात धुऊन ठेवतात. मी सकाळी आमगावला झेंडूची फुलं आणायला गेलो होतो. परत आलो तर पूजा झालेली होती. विळ्यांच्या ओळीत शेवटी आमचा कॉम्प्रेसर ठेवलेला होता. त्याच्या काट्यावर हळदकुंकू, नळीला एक झेंडू बांधलेला. शेजारी रायफलीची बंद पेटी, तिच्यावरही कुंकवाचं बोट. मला फार बरं वाटलं. मी खाली वाकून नमस्कार केला आणि मशीन उचलून खोलीत ठेवलं. अक्षतांचा एखादा दाणा आत गेला असेल का म्हणून हवा आत घ्यायच्या तोंडावरची जाळी तेवढी झटकली.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी रायफलीच्या नळकांड्यावरचा दाबाचा काटा खाली आला होता. सरावातच बरीच हवा गेली होती, आणि उरलेल्या हवेत चाचणीचे साठ छर्रे निघणं शक्य नव्हतं. पुरेसा दाब नसला की छर्रा खाली पडतो. मी बादली भरली, पंप सोडला, आणि नेहमीप्रमाणे सुरू करायच्या आधी तेलाची काच बघितली.

तेल ठिपक्याच्या बरंच वर होतं. पाण्यासारखं स्वच्छ असायचं, ते पिवळं दिसत होतं. मी झाकण उघडून वास घेतला. जवसाचं तेल. घाणीवरून काढून आणलेलं, ज्या तेलात आमच्याकडे सणाला वडे तळतात, तेच.

मी मायला हाक मारली. ती हात पुसत आली, मागून वहिनी आली.

"माय, याच्यात तेल कोणी टाकलं?"

"मी पाजली थोडसंक. पूजेच्या दिवशी." ती सहज म्हणाली. "तूच तं म्हनत होता, याले तेल लागते."

"त्याचं तेल वेगळं असते माय."

"आपलं का खराब आहे? घाणीचं आहे. नांगराच्या आधी बैलाले नळीनं पाजत नाही का? हे बी रविवारी कामाले जाते, म्हनून पाजली."

मी मशीनकडे बघत होतो. ती काय म्हणाली ते माझ्या लक्षातच आलं नाही. वहिनीच्या आलं.

"रविवारी?" वहिनीने हळू विचारलं. "आई, म्हंजे मी जाऊ?"

माय थोडी चिडल्यासारखी झाली. "मंग पूजा कायची केली मी? जे कामाले जाते त्याचीच करतो ना? तुह्या बंदुकीले बी कुंकू लावली. अजून कोन्या भाषेत सांगू?"

वहिनीने खाली बसून बादलीतला पंप उगाच सरळ केला. मग दोघीही माझ्याकडे बघू लागल्या, कारण मशीनचं काय ते मला ठाऊक असायला हवं होतं.

मी सरांना फोन लावला. त्यांच्या गावी मागे ढोल वाजत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "चलाया क्या?"

"नहीं सर. पहले काँच देखी."

"तो बच गए. खोल, पूरा निकाल, साफ कर, अपना तेल डाल."

"सर, बोतल में थोड़ा ही बचा है. और मुझे लगता है… मतलब, पता नहीं, साफ हुआ कि नहीं कैसे समझेगा?"

ढोलांमधून त्यांचा आवाज आला, "बेटा, मशीन तेरे सामने है, मेरे नहीं. तू देख के मुझे बता."

मायच्या चुलीजवळ जवसाच्या तेलाची बरणी असते. तिच्या तोंडाशी वर्षानुवर्षं ओघळलेलं तेल वाळून डिंकासारखं पिवळं चिकट झालेलं आहे, नखाने खरवडलं तरी निघत नाही. ते मला आठवलं. तेल आत राहिलं आणि पेटलं नाही, तरी त्याचा डिंक होणार. म्हणजे सगळं काढलंच पाहिजे, कोपऱ्यातलंही.

मी मशीन अंगणात उन्हात ठेवलं, तेल पातळ व्हावं म्हणून. मग तळाचा, तेल सोडायचा वेगळा स्क्रू काढून ते वाटीत पडू दिलं. मशीन तिरकं केलं, उलटं केलं. मायने एक जुनं धुवट लुगडं फाडून आणलं, कारण नव्या कापडाचे धागे सुटतात आणि धागा आत राहिला तर वेगळंच संकट. त्याच्या पट्ट्या करून वहिनी झाडूच्या काडीला गुंडाळत होती, मी आत फिरवत होतो. पट्टी पिवळी आली की पुढची. मायने वाटीतलं तेल बघितलं आणि म्हणाली, "हे दिव्याले चालते ना?" दादा दारातून म्हणाला, "चालते. पन त्या दिव्यातून छर्रा निंगन तं मले सांगजो."

बाटलीतलं थोडं चांगलं तेल घातलं, मशीनचं चाक हाताने फिरवलं, तेही काढलं. ते किंचित पिवळसर आलं. म्हणजे अजून काही राहिलं होतं. पुन्हा घालायचं तर बाटलीत कमी पडणार. मी बाटली उन्हाकडे धरून बघत राहिलो. वहिनी म्हणाली, "भाऊजी, मी नेम धरते तेव्हा तुम्ही काय म्हनता?"

"घाई करू नका म्हणतो."

"मंग तेच करा. उद्याचा दिवस आहे ना?"

मी पुन्हा पट्ट्या घेतल्या. मशीन पुन्हा उन्हात ठेवलं, पुन्हा उलटं केलं. कोरड्या पट्ट्या फिरवत गेलो, शेवटी पट्टी पांढरी बाहेर आली. मायने ती हातात घेऊन नाकाशी धरली. जवसाचा वास तिच्याइतका कोणाला ओळखू येणार? "नाही," ती म्हणाली, "आता नाही." मग उरलेलं तेल घातलं. ते लाल ठिपक्याच्या खालच्या कडेला टेकलं. बरोबर टेकलं. बाटली रिकामी झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, शेतातले पंप बंद होऊन वीज पूर्ण दाबाने आली आणि बल्ब नीट पेटला तेव्हा, मी मशीन लावलं. आधी हवा सोडायचा स्क्रू उघडा ठेवून, नुसतंच, दाब न घेता. बटणावर बोट ठेवून मी किती वेळ थांबलो कोण जाणे. माय म्हणाली, "अरे, बैल बी इतका विचार करत नाही." मी बटण दाबलं. टक-टक-टक असा नेहमीचा आवाज आला. जळका वास नाही. धूर नाही. मी बंद केलं, काच बघितली. तेल स्वच्छ होतं.

मग रायफलीचं नळकांडं जोडलं आणि स्क्रू बंद केला. काटा हळूहळू चढू लागला. मी थोडं चालवून थांबत होतो, गार होऊ देत होतो, पाणी सोडत होतो. माय बादलीजवळ पाटावर बसली होती, पाण्यात बोटं बुडवून. तिला कोणी सांगितलं नव्हतं. "तापलं," ती म्हणायची, आणि वहिनी विहिरीचं गार पाणी आणून ओतायची. स्क्रूतून फुस्स करून पांढरं पाणी उडालं तेव्हा माय दचकली, मग म्हणाली, "हे तं मुतून राहिलं!" वहिनी इतकी हसली की तिच्या हातातली बादली हिंदकळली आणि माझे पाय भिजले. काटा दोनशेवर आला. मी बंद केलं, नळीतली हवा सोडली, नळकांडं काढलं. ते कोमट होतं. मायने त्याच्यावरून हात फिरवला, वासराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

रविवारी पहाटेच्या गाडीने आम्ही निघालो. गोंदियाला सर चढले. त्यांनी आधी रायफलीचा काटा बघितला, मग माझ्याकडे, आणि माझ्या पाठीवर थाप मारली. नागपूरला वहिनी नेम धरत होती तेव्हा सगळे निशाणाकडे बघत होते, मी लांबून रायफलीच्या काट्याकडे बघायचा प्रयत्न करत होतो. तो तिथून दिसत नव्हता. शेवटचे छर्रे सुटले तेव्हा आवाज तसाच होता, ठप्प, जसा आमच्या कोठ्यात व्हायचा. मी श्वास सोडला.

निवड झाली. बायकांच्या गटात फार जणी नव्हत्या, हे वहिनी स्वतःच सांगते, पण माझ्या मते तिने हे सांगायची गरज नाही.

बाहेर येऊन मी घरी फोन लावला. दादाने उचलला, पण मायने लगेच हातातून घेतला. नंबर लागला का, ते तिने विचारलं नाही. तिने विचारलं, "हवा पुरली का?"

मी फोन वहिनीकडे दिला.

"पुरली आई," वहिनी म्हणाली. "उरली बी."

"मंग लवकर ये. काकू ईचारून राहिली, सून कुठं गेली म्हनून. मी सांगतली, कामाले गेली."

सरांनी पुढे कॉम्प्रेसर आमच्याकडेच राहू दिला, कारण वहिनीचा सराव आता घरीच जास्त व्हायचा. त्याचं तेल वर्षातून एकदा पूर्ण बदलावं लागतं. कधी बदलायचं ते मला ठरवावं लागलं नाही. पुढच्या खांडेनवमीला अंगणात विळे, नांगर, मोटरसायकल, सगळं मांडलं गेलं. मी मशीनमधलं जुनं तेल काढून, पुसून, ते ओळीत ठेवलं आणि नवी बाटली मायच्या हातात दिली. तिने डोक्यावर पदर घेतला, बाटलीला कुंकवाचं बोट लावलं, आणि काचेजवळ डोळा नेऊन थेंब थेंब ओतू लागली.

"ठिपक्यापर्यंत?" तिने विचारलं.

"ठिपक्यापर्यंत," मी म्हटलं.

तिने बरोबर ठिपक्यावर हात थांबवला.